वेबसाइटवरचे पै-पाहुणे

आमच्याकडं लग्नपत्रिकेत एखाद्या पाहुण्याचं नाव राहिलं, तर तो मांडवात येतो, पण जेवत नाही. पुढं वर्षानुवर्षं बोलणं बंद. आता हे सर्च इंजिन चालवणाऱ्यांना कुणी सांगावं!

शहापुरात आमच्या गल्लीत एके काळी दारोदारी माग वाजायचे. आता आमचा एकच. मालक, म्हणजे माझे यजमान, त्यावर साड्या विणतात आणि मी त्या वेबसाइटवर विकते. दुकानदारांनी पाठ फिरवल्यापासून आमचं पोट त्या साइटवरच. पुण्या-मुंबईच्या बायका 'शहापुरी साडी' म्हणून शोधायच्या, आम्ही वरच दिसायचो आणि फोन यायचा. फोन थांबला की माग थांबणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

वर दिसण्याची करामत गावच्या कॅम्प भागातल्या, वेबसाइटी बघणाऱ्या एका ऑफिसवाल्याची. त्यानं मला समजावलं, "मॅडम, चौकात वाढदिवसाचा बोर्ड लागतो बघा. खाली शुभेच्छुकांचे फोटो जितके जास्त, तितका माणूस मोठा. लिंकचं तसंच. जितक्या साइटी तुमच्याकडं बोट दाखवतील, तितक्या तुम्ही वर." मला लगेच पटलं. त्यानं कुठून कुठून लिंका विकत आणल्या. त्यात जुगाराच्या साइटी होत्या, कसल्या कसल्या गोळ्यांच्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

पण परक्यांची नावं लावायची आणि घरच्यांची नाहीत? असं कुठं असतंय! मी पाहुण्यांनाही गाठलं. खानापूरच्या चुलतदिराचा क्लास, निपाणीच्या माझ्या थोरल्या बहिणीचा चटणी-मसाला. त्यांनी आमची लिंक लावायची, आम्ही त्यांची. आहेराला परत आहेर. आक्कानं तर आपल्या साइटीच्या प्रत्येक पानाखाली 'आमचे पै-पाहुणे' म्हणून आमचं नाव टाकलं आणि फोन करून म्हणाली, "बघ गं, कसं झळकतंय!"

मग सर्चवाल्यांनी नियम कडक केले. लिंका विकत घेणारे, अदलाबदल करणारे, सगळ्यांना झोडपून काढलं. आम्ही जे गायब झालो, ते कुठल्याच पानावर दिसेनासे झालो. मालक मागासाठी सुताच्या कांड्या भरून ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. "आज तरी काय आलं व्हय?" मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, तशी त्यांच्यावरच चिडायचे.

कॅम्पातला म्हणाला, सगळ्यांना लिंका काढायला सांगा. जे काढणार नाहीत, त्यांच्याशी आमचा संबंध नाही, असं सर्चवाल्यांना कळवायचं.

"पाहुण्यांच्या पण?"

"मशीनला पाहुणे कळत नाहीत, मॅडम."

मेल्या, तुला तरी कळतात का, असं अगदी ओठावर आलं होतं.

चुलतदिरानं कुरकुरत काढली. आक्का ऐकेना. "पत्रिकेतलं नाव पुसाय सांगतीस व्हय गं? पोरीचं लगीन तोंडावर आलंय. पाहुण्यांनी इचारलं, बहीण कुठं गेली, तर काय सांगू? न्हाय काढत, जा!" मी समजावलं, गयावया केली, शेवटी ओरडले, "माग बंद पडल्यावर तू घालणार हैस खायला?" तिनं फोन ठेवला.

मग मी माझ्या सख्ख्या बहिणीची साइट त्या जुगारवाल्यांच्या रांगेत बसवली आणि संबंध नाही म्हणून कळवलं. तिची साइटही कॅम्पातलाच बघायचा, त्यामुळं गोष्ट निपाणीला पोचायला वेळ लागला नाही.

त्या दिवसांत मागावर भाचीच्या लग्नाची साडी होती. घरातल्या मुलीची लग्नाची साडी आमच्याच मागावरची, ही आमची रीत. ऑर्डर नव्हती, तेव्हा मालकांनी सगळा जीव त्या पदरात ओतला. "साडी बघितली की आक्कांचा राग जातोय बघ," म्हणायचे.

पत्रिका आलीच नाही. चुलतदिरानं त्याच्या फोनवर आलेली दाखवली. मी खालपर्यंत वाचली. शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावं होती, आमची नव्हती. मालकांनी चष्मा पुसून परत वाचली. "ऱ्हाऊन गेलं आसंल," म्हणाले. आमच्याकडं नाव असं राहून जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

लग्न झालं. आम्ही गेलो नाही. साडी कपाटात घडी घालून ठेवली, आणि बऱ्याच दिवसांनी साइट परत वर दिसायला लागली. पहिला फोन पुण्याहून. बाईंच्या मुलीचं लग्न घाईत ठरलं होतं, तयार काही आहे का? तयार एकच होती. मी मालकांकडं बघितलं. ते मागावरून उठले नाहीत, वरही बघितलं नाही.

"दे पाठवून. माग चालला पायजे."

मी फोटो पाठवला. बाई हरखून गेल्या. "अहो, काय पदर आहे! कुणासाठी ठेवलेली तर नाही ना?"

"नाही हो," मी म्हटलं, "विकायचीच आहे."