मामांची गाडी आणि पाच कोरड्या नद्या

जुनी गाडी घरात असली की किस्से जमवावे लागत नाहीत, रेडिएटरमधल्या गंजासारखे ते आपोआप साचतात. आमच्या व्यंकटराव मामांच्या गाडीने तर तंजावरातल्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीला आयुष्यभर पुरतील एवढे दिले. गाडी महायुद्धाच्या आधीची, हिरवी, देखणी. खोड एकच. चार मैल गेली की उकळायची!

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी कचेरीत कारकून, आणि रविवारी मामांच्या गाडीचा हमाल. मामांच्या मुलीचं, ताराचं, लग्न तिरुवैयारूला ठरलं, तेव्हा मामींनी चारचौघांत बजावलं, "लग्नाला जातांना ही वंडी वाटेंत उकळली, तर दुसरे दिवशीं विकायची. सरी?"

मामांचा चेहरा उतरला. गाडीवर त्यांचा जीव होता. पण "सरी, कबूल" म्हणाले बिचारे. लग्नाला चार महिने होते.

*

पहिल्याच रविवारी आम्ही तिरुवैयारूपर्यंत चाचणी घेतली. अंतर जेमतेम आठ मैल, पण मध्ये नद्या पाच. प्रत्येक पुलाशी गाडी फुसफुसायची, मामा थांबायचे आणि मी घागर घेऊन घाट उतरायचो. पाचव्या पुलावर आमचा मेकॅनिक गोविंदसामी कपाळाला हात लावून म्हणाला, "सार, या गाडीला पेट्रोलपेक्षा नदीच जास्त लागते!"

*

मग कळलं, रेडिएटर गळतोय. एका बस ड्रायव्हरने सांगितलं, हळद टाका, भोक बुजतं. मामींनी लग्नासाठी दळून ठेवलेली हळद मामांनी अख्खी आत ओतली! गळती थांबली, पण थांबण्याआधी गल्लीभर पिवळी धार लागली. दारात कोलमची रांगोळी काढणारी शेजारची अक्का मान वर करून म्हणाली, "मामा, हळद ताराची कीं गाडीची?"

मामींनी दोन दिवस मामांशी बोलणं टाकलं.

*

एकदा फॅनचा पट्टा तुटला. नवा यायचा मद्रासहून, तोवर धीर कुणाला! मामांनी मृदंग बनवणाऱ्याकडून चामड्याचा पट्टा शिवून आणला. त्या दिवशी मागच्या सीटवर एक गाण्याचे मास्तर बसले होते. चामडं तापून सैल झालं, टप टप वाजायला लागलं, आणि मास्तर मांडीवर ताल धरून डोलायला लागले. मैलभराने पट्टा फाडकन तुटला.

मास्तर खूश! "तुटला खरा, पण समेवर तुटला!"

*

शेवटी गोविंदसामीने रेडिएटरला वर हात लावला, खाली हात लावला. "डोकं तापलंय, पाय गार. आत तुंबलंय," म्हणाला. सगळं सोडवून त्याने खालून उलटं पाणी मारलं. हळदीचे गोळे निघाले, पाच नद्यांची वाळू निघाली आणि सगळ्यांत शेवटी बोटाएवढा एक मासा निघाला!

आमचं घर कडक शाकाहारी. मामींनी अख्खी गाडी दोनदा धुवायला लावली, मग मामांना आंघोळीला पाठवलं.

*

त्यानंतर मात्र गाडी शहाणी झाली. उन्हाळ्यात, ऐन मुहूर्ताच्या सकाळी, मामा ऐटीत स्टिअरिंगशी बसले. शेजारी गोविंदसामी, मागे तारा, मामी आणि मी. पाण्याच्या घागरीची जागा मामींनी पन्नीरच्या बाटल्यांच्या पेटीला दिली होती. मांडवात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचा मान मुलीकडच्यांचा ना! शिवाय शोभा हवी म्हणून मामींनी स्वतः गाडीच्या तोंडावर झेंडूच्या जाडजूड माळा बांधल्या होत्या, एकावर एक सात.

तिसऱ्या पुलावर वाफ आली. मामांनी गाडी थांबवली आणि मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

गोविंदसामी उतरला, पुढे जाऊन आला. "सार, गाडीचा दोष नाही. माळांनी तिचं नाक बंद केलंय!"

माळा निघाल्या. गाडी निवायची वाट पाहिली, पण आत ओतायला पाणी कुठलं? धरणाचं पाणी सुटायला अवकाश होता. पुलाखाली नुसती वाळू, त्यात शेळ्या हिंडत होत्या. मुहूर्त जवळ येत चालला. तारा हळूच म्हणाली, "आई, ती पेटी…"

मामींनी पेटी पोटाशी धरली. मुलीकडे पाहिलं, उतरवलेल्या माळांकडे पाहिलं. मग एकेक बाटली स्वतः गोविंदसामीच्या हातात दिली. अठराच्या अठरा!

मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा अर्ध्याच भरलेल्या रेडिएटरमधलं पन्नीर उकळून बॉनेटमधून सुगंधी वाफेचा लोट निघाला आणि स्वागताला उभ्या असलेल्या वरपक्षावर भुरभुरला. नवऱ्या मुलाचे वडील डोळे मिटून उभेच राहिले.

"वाहवा, राव! आमच्यांत हातानं शिंपडतात. तुमच्यांत गाडी शिंपडते! आमच्या धाकट्याचं लग्न आवणी महिन्यांत आहे. गाडी पाठवाल काय?"

मामांनी चोरून मामींकडे पाहिलं.

मामींनी पदर सारखा केला. "पाठवूं कीं! पन्नीर मात्र तुमचं."