फुआतिनोची सोबत

फुआतिनोच्या घराला भिंती नाहीत. आमच्या सवाई बेटावर जुन्या घरांना नसतातच. गोल खांब, वर छप्पर, आणि पाऊस तिरपा आला की सोडायचे पडदे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तिला दिसतो आणि तीही प्रत्येकाला दिसते. माणूस दिसला की "या, जेवून जा" अशी हाक मारायची, ही इथली रीत. जाणारा "झालं जेवण" म्हणतो आणि पुढे जातो. कोणी येणार नाही हे हाक मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. फुआतिनोचं तसं नव्हतं. ती हाक मारायची आणि खरंच ताटाकडे हात न्यायची. नवरा पेसामिनो तिला चिडवायचा, "अगं, एक दिवस कोणी खरंच आलं ना, तर मला उपाशी निजवशील."

घर फागासीना गावाच्या अगदी टोकाला. त्यापुढे माडांची राई आणि मग समुद्रापर्यंत नुसता काळा, थिजलेला लाव्हा. लेक ऑकलंडला फळं भरायच्या कारखान्यात. घरात दोघंच, आणि दोघांचं मिळून एक माणूस झालं होतं. तो सांगायचा, ही ऐकायची. ती रागवायची, हा हसायचा.

आमच्याकडे रोज संध्याकाळी तीनदा शंख फुंकतात. पहिल्या शंखाला घरात जायचं, दुसऱ्याला प्रार्थना, तिसऱ्याला मोकळीक. तेवढ्या वेळाला 'सा' म्हणतात. सा चालू असताना रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. परगावच्या गाडीनंही वेशीबाहेर थांबायचं. ही शिस्त गावाला लावली गावप्रमुख तुईमाउगा यांनी, आणि लावली ती चांगली करकचून. नियम मोडला म्हणून त्यांनी आपल्या सख्ख्या मेव्हण्याकडून डुक्कर वसूल केलं होतं. बायको लूसिया आठवडाभर त्यांच्याशी बोलली नव्हती, पण गावाला त्याचा अभिमान होता. प्रमुख असावा तर असा.

त्या संध्याकाळी पहिला शंख झाला तेव्हा पेसामिनो रस्त्यापलीकडच्या झऱ्यावर अंघोळ करत होता. खांद्यावर ओली लुंगी टाकून तो लगबगीनं निघाला. फुआतिनो खांबाशी उभी राहून त्याला लवकर ये म्हणून खुणावत होती. तेवढ्यात राईकडून गाडी आली. सा चालू असताना, दिवे न लावता, वेगात. पुढचं तिनं सगळं पाहिलं. गाडी पेसामिनोला उडवून थांबली, उजव्या बाजूचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागून तुईमाउगा खाली उतरले. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. परगावच्या सभेहून यायला उशीर झाला होता, आणि वेशीबाहेर थांबायचं ते इतरांनी. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं.

पेसामिनो तिच्या मांडीवर गेला. गावाच्या पहाऱ्याची पोरं तिकडच्या टोकाला, चर्चजवळ होती. ती धावत आली तोवर तुईमाउगांचा पुतण्या योआनेही येऊन उभा होता. त्याच रात्री योआनेनं पोलिसांना सांगितलं की गाडी मी चालवत होतो. फुआतिनोला याचा पत्ता नव्हता. ती मृतदेहाशी बसून होती, आणि तिथं कोणी अशा गोष्टी बोलत नाही.

तिसऱ्या पहाटे तुईमाउगा तिच्या अंगणात येऊन बसले. आमच्यात कोणाच्या हातून माणूस मेला, तर अपराध्याच्या घराण्याचा कर्ता असा येऊन बसतो. मांडी घालून, मान खाली, आणि डोक्यावरून घराण्यातली सगळ्यात उंची चटई पांघरून. आतल्या लोकांनी ती उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं, आणि जुन्या काळी कुऱ्हाडही खाली यायची. फुआतिनोचा दीर विचारात पडला. नातेवाईक यायचे होते, बोलणं व्हायचं होतं. ऊन चढलं. चटईखालचा सत्तरीचा म्हातारा डोलायला लागला तसं फुआतिनोला राहवलं नाही. ती उतरली आणि स्वतःच्या हातानं चटई उचलली. तुईमाउगांचा चेहरा रडून सुजला होता. तिच्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

इथं तिची चूक झाली, आणि ती आमच्याच माणसाची होऊ शकते. घराण्याचा कर्ता कोणाच्याही अपराधासाठी चटईखाली बसतो, पुतण्याच्याही. सगळं गाव समजलं की प्रमुखानं पुतण्याचं पाप डोक्यावर घेतलं, केवढं मोठं मन. फुआतिनोनं मात्र डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला वाटलं, ज्यानं केलं तोच बसला, म्हणजे त्यानं कबूल केलं. आता बोलायला काय उरलं? चटई उचलली की तो विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही, असा रिवाज आहे. तिनं तो पाळला.

नंतर गावाची बैठक झाली. प्रमुखांनी सांगितलं, तपासाला माणसं येतील, गावाला तोंड एकच असतं. हे ते दर वेळी सांगतात. विहिरीच्या भांडणातही सांगितलं होतं. आणि दुसरं सांगितलं की फुआतिनो एकटी पडली आहे, तिला कोणी एकटं सोडू नका.

दुसऱ्याच दिवशी लूसिया आली. काखेत केवड्याच्या पात्यांचे भारे, मागे चार-पाच बायका. "सरक गं," म्हणाली, "आमच्या घरात चटई पसरायला जागा नाही." प्रमुखांच्या घरात अख्खं गाव मावतं, हे सगळ्यांना माहीत होतं. फुआतिनो त्या मरणानंतर पहिल्यांदा हसली. मग रोजचंच झालं. सकाळी बायका यायच्या, विणायच्या, एकमेकींच्या सुनांची सालं काढायच्या. रविवारी प्रमुखांच्या चुलीवरून नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं यायची, मासळी यायची. छपराची गळकी बाजू पोरांनी येऊन शाकारून दिली. लूसिया आणि फुआतिनो एकाच चटईवर दोन टोकांनी विणत बसायच्या. लूसियाचा हात सैल, फुआतिनोचा घट्ट. त्यावरून रोज भांडण. लेकीचा फोन आला, की तू इकडे ये, तर ही म्हणाली, "कशाला? माझ्याकडे बसायला जागा नाही एवढ्या बायका आहेत."

तपासाला पलीकडच्या बेटावरच्या राजधानीतून, आपियाहून, मेरिता नावाची पोलीस अधिकारी आली. आमच्यातलीच, चाळिशीची, पायातले बूट काढून रीतसर मांडी घालून बसणारी. पण ती येईपर्यंत बायका येऊन बसलेल्या असायच्या. तपासाची गाडी बोटीतून धक्क्यावर उतरली की बातमी तिच्या आधी फागासीनाला पोचायची. मेरितानं पहिल्या खेपेला विचारलं, योआने गाडी कसा चालवत होता, वेगात का?

फुआतिनोच्या हातातली पाती थांबली. "योआने?"

लूसियानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "चटई उचललीय ना बाई हिनं," ती मेरिताला म्हणाली. "आता जखमेवरची खपली कशाला काढता?" हात गुडघ्यावरच राहिला. ऊबदार होता. फुआतिनो म्हणाली की हो, चटई उचलली आहे, आणि मेरिता वहीत काही न लिहिता उठली.

फुआतिनोला तेव्हा उमगलं. कबुली कसली? त्या म्हाताऱ्यानं चटईखाली बसून दुसऱ्याच्या नावानं माफी मागितली होती, आणि तिनं ती पेसामिनोच्या वतीनं देऊन टाकली होती. योआने तुरुंगात जाणार होता. आणि आता तिच्या लक्षात यायला लागलं की बायका कमी-जास्त येतात, पण मेरिताची गाडी यायची त्या दिवशी झाडून सगळ्या येतात. झोपेतून उठून येतात. एक तर तापात आली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकला होता. हा तोंड दाबून लाडवांचा मार होता. वाईट याचं की लाडू गोड होते. लूसिया आली नाही त्या सकाळी तिला घर खायला उठायचं.

चौथ्या खेपेला मेरितानं वेळ बदलली. ती ऐन संध्याकाळी आली. बायका होत्याच. मेरिता इकडचं तिकडचं बोलत बसली, नारळाच्या भावाबद्दल, बोटीच्या गर्दीबद्दल. आणि शंख झाला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सा सुरू झाली की ज्यानं त्यानं आपल्या घरी असायचं, आणि पाहुण्यानं जिथं आहे तिथं. प्रमुखांचाच नियम, त्यांच्याच बायकोनं मोडायचा कसा? लूसिया सगळ्यांत शेवटी उठली. उतरताना तिनं फुआतिनोकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात धाक नव्हता. विनवणी होती.

दोघींनी प्रार्थना केली. मग मेरिता हळू आवाजात म्हणाली, "ताई, तिसरा शंख होईपर्यंत तुम्ही एकट्या आहात."

"मी बोलले तर नंतरही एकटीच असेन," फुआतिनो म्हणाली.

"असाल. मी खोटं सांगणार नाही."

फुआतिनोनं रस्त्याकडे पाहिलं. ओली लुंगी जिथं पडली होती ती जागा तिथून दिसते. मग तिनं सांगितलं: उजवं दार, स्टिअरिंग, एकच माणूस.

खटला आपियात उभा राहिला. तुईमाउगांवर दोन आरोप होते. एक गाडीचा, दुसरा तपासात अडथळा आणल्याचा. योआनेनं उभं राहून सांगितलं की नाव मी आपखुशीनं पुढे केलं, काकांनी एक शब्द सांगितला नाही. ते बहुधा खरंही असेल. आमच्यात काकांना सांगावं लागत नाही. राहिली फुआतिनो. प्रमुखांच्या वकिलानं तिला अदबीनं विचारलं की त्यांनी तुम्हाला कधी गप्प राहा म्हटलं का. नाही, ती म्हणाली. धमकी दिली? नाही. मग काय केलं? मासळी पाठवली, छप्पर शाकारलं, बायका पाठवल्या. कोर्टात कोणीतरी हसलं.

"मग यात अडथळा कुठला, आजी?"

फुआतिनोनं समोर पाहिलं. तुईमाउगा मान खाली घालून बसले होते, अगदी चटईखाली बसले होते तसे. "त्यांनी मला एकटं सोडलं नाही," ती म्हणाली. "एकदाही."

वकील समाधानानं खाली बसला. वाक्य त्याच्याच सोयीचं होतं.

ती बोटीनं परत आली. गावानं तिला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. वाळीत टाकायला बैठक लागते, कोणीतरी तसं सांगावं लागतं. कोणी काही सांगितलं नाही. सकाळ झाली आणि बायका आल्या नाहीत, इतकंच. रविवारी चुलीचा धूर लांबून दिसला. अर्धी विणलेली चटई पसरलेली होती. लूसियाच्या टोकाला पाती मोकळी लोंबत होती. फुआतिनोनं आपलं टोक पुरं केलं आणि तिच्या टोकाला हात लावला नाही. लूसिया रस्त्यानं जाताना दिसायची. फुआतिनो हाक मारायची, "ये गं, जेवून जा." लूसिया रस्त्याकडेच बघत म्हणायची, "झालं जेवण." पूर्वी हे म्हणताना ती थांबायची तरी. लेक फोनवर अजून ये म्हणायची. फुआतिनो म्हणायची, बघू. पेसामिनोला अंगणात पुरलंय, त्याला कोणावर टाकू?

निकाल सांगायला मेरिता स्वतः आली. गाडीचा आरोप सिद्ध झाला होता. चटईचा मान राखून न्यायाधीशबाईंनी शिक्षा कमी दिली, योआने सुटला. दुसरा आरोप उडाला. विधवेची विचारपूस करणं हा गुन्हा नव्हे, असं निकालात होतं. आज्ञा नाही, धमकी नाही, पुरावा नाही, शेजारधर्म तेवढा दिसतो. सांगताना मेरिताचा आवाज पडला होता.

फुआतिनोनं घरभर एकवार नजर फिरवली. जिथं बायका दाटीवाटीनं बसायच्या ती जमीन स्वच्छ झाडलेली होती.

"पुरावा हवा होता ना त्यांना?" ती म्हणाली. "हा बघ की. शेजारधर्म होता, तर आता कुठं गेला?"

ऊन कलायला लागलं होतं, शेवटची बोट गाठायची होती. मेरिता उठणार तेवढ्यात फुआतिनो म्हणाली की कोको घेतल्याशिवाय जायचं नाही. बिया डब्यातून काढल्या, त्या पुन्हा निवडल्या, निवडलेल्याच होत्या तरी. चूल पेटवली. बिया मंद आचेवर भाजल्या, एकेक सोलली, दगडी खलात घालून कुटायला बसली. कुटणं इतकं सावकाश की मेरितानं एकदा घड्याळ पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं, आणि घड्याळ असलेला हात पाठीमागे घेतला.

चर्चच्या बाजूनं पहिला शंख झाला.

"आता कुठं जाशील?" फुआतिनो म्हणाली, आणि खल बाजूला ठेवून भराभर दोन कप मांडले.