प्रेमा परुळेकरच्या घरचा फोन

पंतनगरच्या त्या हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगीत प्रेमा परुळेकरला नावाने कोणी ओळखत नसे. ती फोनवाल्या वहिनी. बिल्डिंग चार मजल्यांची आणि फोन एकच, तोही हिच्या घरी. अर्ज केला होता सासऱ्यांनी, गिरणीत होते तेव्हा. फोन आला तोवर सासरे हार घातलेल्या फोटोत जाऊन बसले होते. प्रेमाने त्या काळ्या डबड्याला हळदकुंकू लावलं, बिल्डिंगभर पेढे वाटले आणि पेढ्यांबरोबर नंबरही वाटला गेला. मग काय विचारता! सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर, नोकरीच्या अर्जांवर तोच नंबर, आणि पुढे दोन अक्षरं, पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण माणसाला बोलावून देतात.

बोलावून देणार कोण? प्रेमाच. गॅलरीत उभं राहून हाक मारायची, "जानकीआज्जी, कणकवलीचा फोन, धावू नका, पडाल!" तोंडाने फटकळ बाई, पण एक गोष्ट ती बरोबर शिकली होती. बारशाचं लोक पत्राने कळवतात. गावाहून फोन येतो तो बहुतेक मयताचा. त्यामुळे पलीकडचा आवाज जड लागला की ती गॅलरीत जात नसे. जिना उतरून त्या घरी जायची, माणसाला खाली बसवायची, हातात पाण्याचा तांब्या द्यायची, मग तोंड उघडायची. अशी किती मरणं तिने या जिन्यावरून खाली नेली, तिचं तिलाच ठाऊक.

तिचा नवरा जयवंत अंधेरीला सीप्झमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कंपनीत होता. माणूस वाईट नाही. बाटली नाही, पत्ते नाहीत. पण एकदा डोक्यात काही शिरलं की बापजन्मात बाहेर निघायचं नाही. एकोणनव्वद साल असेल. कंपनीने भंगारात काढलेले भाग आणून आणून त्याने घरीच एक कॉम्प्युटर उभा केला, तोही प्रेमाच्या शिवणयंत्राच्या टेबलावर. सिंगापूरहून आलेल्या मित्राकडून एक चपटी डबी मिळवली, तिचं नाव मोडेम. तिची वायर त्याने फोनच्या वायरीत अडकवली, तेव्हा प्रेमाने पहिल्यांदा विचारलं, "हे काय रे चाललंय?"

"बुलेटिन बोर्ड," जयवंत म्हणाला. "अगं, खाली सोसायटीचा फळा आहे ना सूचनांचा? तसाच. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे ते आपल्या नंबरावर फोन लावणार. त्यांचा कॉम्प्युटर आपल्या कॉम्प्युटरशी बोलणार. फळ्यावर लिहून जातील, दुसऱ्याने लिहिलेलं वाचून जातील. मुंबईत असं कोणाच्या घरी नसेल बघ."

"आणि माणसं?"

"माणसं आपापल्या घरी."

प्रेमाला ते काही झेपलं नाही. मग एका संध्याकाळी फोन एकदा वाजला, पुढे वाजायचा थांबला, आणि त्या डबीतून किंकाळी आली. बारीक, लांबलचक, कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी, आणि मागून खरखर. प्रेमाच्या हातातलं ताट सुटलं. "देवा रे! कोण रडतंय ते?" जयवंत पोट धरून हसला. दोन कॉम्प्युटर एकमेकांची ओळख करून घेतायत म्हणाला. तिला हसू आलं नाही. ज्या फोनातून आजवर माणसांची रडणी ऐकली त्याच फोनातून हे. "अभद्र वाटतं रे मला. तो आवाज बंद कर, नाहीतर डबी गॅलरीतून खाली." जयवंतने डबीचं बटण फिरवून आवाज पार बंद केला. त्यानंतर फोन एकदाच वाजायचा आणि मग घरात गप्प. पलीकडे कोणीतरी आहे, आपल्याच घरात काहीतरी बोलणं चाललंय आणि ऐकू मात्र काही येत नाही, याने तिला उलट जास्तच कसंतरी व्हायचं.

सुरुवातीला हे प्रकरण रात्रीपुरतं होतं, बिल्डिंग झोपल्यावर. पण माणसं वाढली. पार्ल्याचे एक डॉक्टर, चेंबूरचा एक बँकवाला, पवईची कॉलेजची पोरं. सगळे फळ्यावर "जयवंतदादा, हे कसं करायचं" म्हणून विचारायचे. कंपनीत ज्याला कोणी चहाला बोलावत नव्हतं त्या माणसाला अख्ख्या मुंबईतून दादा म्हणणारी माणसं मिळाली. चेहराच बदलला त्याचा. प्रेमाला ते दिसत होतं आणि बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला.

पण त्यातल्या निम्म्यांचे कॉम्प्युटर ऑफिसात होते. त्यांना सवड दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. जयवंत म्हणाला, "दुपारीही चालू ठेवतो. मी नसलो तरी मशीन आपलं आपण सांभाळेल."

प्रेमा दचकली. का, ते सांगायला खालच्या मजल्यावर जावं लागेल.

खाली भाऊराव दांडगे राहायचे. मूळचे जालन्याकडचे, बसच्या डेपोत फिटर. बायको लवकर गेली, पदरात एक मुलगी, क्षमा. भाऊराव डेपोत गेले की क्षमाचं दप्तर, डबा, वेणी, ताप, सगळं प्रेमाकडे. पोरीने बालपण हिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून काढलं म्हणा ना. आदल्या वर्षी तिचं लग्न झालं. स्थळ जालन्याचंच, मुलगा सरकारी नोकरीत. भाऊरावांची मान वीतभर वर झाली होती.

दसऱ्याला क्षमा चार दिवस माहेरी आली. दुपारी वर येऊन कणीक मळायला बसली आणि बाही सरकवायची टाळत राहिली. प्रेमाने हात धरून बाही वर केली. कोपराच्या वर डाग होता, उलथन्याच्या पात्याएवढा.

"काकू, बाबांना नाही सांगायचं," क्षमा म्हणाली. "सासरच्यांना बाबांचा फंड हवाय. बाबांना कळलं तर ते उद्याच्या उद्या सगळा काढून देतील आणि उघडे पडतील. मी बघते अजून थोडं. अगदीच जिवावर बेतलं तर मी तुला फोन करीन. चौकात एस.टी.डी.चा बूथ झालाय. दुपारी, सासू झोपते तेव्हाच मला निघता येतं. तू फक्त बाबांना पाठव. येशील ना फोनवर?"

"मी कुठे जातेय मेली! इथेच आहे."

"आणि तोवर कोणाला बोलायचं नाही. काकांनाही नाही. माझ्या डोक्यावर हात ठेव."

प्रेमाने हात ठेवला.

आता कळलं ना ती का दचकली? पण दचकून उपयोग काय! "दुपार नको," एवढंच ती जयवंतला म्हणाली.

"का?"

"कोणाचा फोन आला तर?"

"दुपारी कोण मरतंय फोन करायला?" तो सहज बोलून गेला.

सांगून टाकायचं ना, बाई! नवरा होता, शत्रू नव्हता. पण जयवंतच्या पोटात काही राहत नाही, जिन्यात भाऊराव भेटले की भडाभडा बोलून मोकळा होईल, हे ती ओळखून होती. वर शपथ. जालन्याला पत्र टाकावं तर सासू फोडणार. मग तिने आपल्या मनाशी एक तोड काढली. आपण दुपारी फोनजवळच बसायचं, आणि घंटी वाजली की मशीनच्या आधी उचलायचा.

तेही एकदा करून झालं. कणकेच्या हातांनी धावली, रिसीव्हर कानाला लावला तर मशीनने आधीच उचललेला. ती किंकाळी सरळ कानात शिरली. संध्याकाळी जयवंतचा चेहरा उतरलेला. "डॉक्टरांचं अर्धं काम मध्येच तुटलं ना आज. फोनला हात नको लावूस, प्रेमा. एवढं एक तरी माझं चालू दे." तो चिडून बोलला असता तर ती भांडली असती. तो काकुळतीने बोलला, म्हणून ती गप्प बसली. पोरीची पत्रं येत होती, भाऊराव कौतुकाने वाचून दाखवायचे, सर्व खुशाल आहे. खुशाल असेलही, असं प्रेमा स्वतःला समजवायची. दुपारी फोन एकदा वाजायचा, गप्प व्हायचा, आणि ती पदराने हात पुसत पुन्हा आत जायची. मन मात्र खात राहायचं.

मार्च लागला. एके संध्याकाळी जेवताना जयवंत मशीनच्या पडद्यावरच्या दिवसभराच्या नोंदी बघत हसला. "कोणीतरी खुळं भेटलंय गं. दुपारी फोन लावतं, आणि समोर कॉम्प्युटरच नाही. आपलं मशीन शिट्टी मारतं, आणि ते ऐकत बसतं, पार मशीन स्वतःहून फोन ठेवेपर्यंत. शहाणा माणूस दोन सेकंदांत ठेवून देईल. हे नाही. परवा, काल, आज, तीन दिवस तेच."

प्रेमाचा घास हातातच राहिला. "किती वाजता?"

"अडीचच्या सुमारास."

"बाई आहे का?"

"मला कसं कळणार? आवाज तूच बंद करायला लावलास ना."

प्रेमा उठली. आणि मग जे इतके महिने गिळलं होतं ते सगळं तिने त्याच्यापुढे ओकलं, तो डाग, तो फंड, ती शपथ, ती दुपार. जयवंतचा चेहरा पांढराफटक पडला. टेबलाखाली वाकून त्याने ती वायर हिसडून काढली, इतक्या जोरात की भिंतीतला खिळाही आला.

प्रेमा जिना उतरून भाऊरावांकडे गेली. पाण्याचा तांब्या न्यायचं त्या दिवशी तिला सुचलं नाही. दारातच उभं राहून सांगितलं. भाऊराव ऐकत असतानाच सदरा चढवत होते. "तुम्हाला दसऱ्यापासून माहीत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता पिशवी उचलून स्टेशनाकडे गेले.

मग प्रेमा फोनजवळ जी बसली ती बसलीच. जयवंतने कामावर दांडी मारली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसून राहायचा. फोन वाजायचा, ती झडप घालायची. पलीकडे कोणी नाही, नुसती पोकळ शांतता. डॉक्टरांचा नाहीतर बँकवाल्याचा कॉम्प्युटर, शिट्टीची वाट बघत बसलेला. पण प्रेमाला ठेववेना. "क्षमा? बोल गं. मी आहे. क्षमा?" ती त्या शांततेत ओरडत राहायची. जयवंत म्हणायचा, "ठेव गं, ते मशीन आहे." आणि तिला ते ऐकूच यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊराव परतले, एकटेच. वर आले ते दारातच उभे राहिले. जयवंतने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. प्रेमाने पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"जिवंत आहे," ते म्हणाले.

प्रेमाने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

"डाव्या कानाने ऐकू येत नाही तिला आता. चल म्हटलं, आहेस तशी चल. नवरा मागे उभा होता, पण त्याला भिऊन नाही म्हणाली असं नव्हतं ते. मी बाप आहे, मला कळतं. नाही येत म्हणाली. उद्या आमच्या समाजातली चार माणसं आणि दोन बाया घेऊन पुन्हा जातो. आता पोलिसांतही जातो."

"मी येते, भाऊराव. मी आणते तिला."

"तुम्ही नको, वहिनी."

"का पण?"

भाऊरावांनी चौकट धरली. "तुमच्यासाठी निरोप आहे तिचा. पहिल्या दिवशी तिने फोन लावला तर नुसती शिट्टी. ठेवणार होती. बूथवाला म्हणाला, ठेवू नका ताई, मीटर पळतंय, म्हणजे पलीकडे उचललाय. तिला वाटलं, काकूच आहे, लाइन खराब आहे. म्हणून तिने त्या शिट्टीतच सगळं सांगितलं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळ्या चौकाने ऐकलं, वहिनी. संध्याकाळी घरी पोचलं, आणि मग तो कान."

जयवंतने तोंड दोन्ही हातांत लपवलं.

"मला म्हणाली, बाबा, तुम्हाला कोणी पाठवलं? मी म्हटलं, वहिनींनी. तर म्हणाली, म्हणजे काकूला ऐकू येत होतं. मग तीन दिवस ती गप्प का बसली? तिथे येऊन मी कोणाच्या भरवशावर राहू?"

"अहो, पण मशीनचं..." प्रेमा दारापर्यंत आली. "मशीनचं सांगितलंत ना तिला? की तिथे मी नव्हतेच?"

"सांगितलं. दोनदा समजावून सांगितलं," भाऊराव म्हणाले. "तिला नाही पटलं. ती म्हणते, बाबा, बूथवाल्याने माझे पैसे घेतले. पलीकडे माणूस असल्याशिवाय मीटर पळतं का?"