रोशनीने नाकारलेला वाघ

ऋषीजी लेनगुरे गुरुजी पहिल्यांदा माझ्या दुकानात आले, तेव्हा मला वाटलं, खुर्च्या ठरवायला आले असतील. चामोर्शीत माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा तेव्हा नुकता कुठे उभा राहत होता. गुरुजी बाकावर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्यावर लेख लिवला आहे जी. छापाच्या आधी तुमाले वाचून दाखवतो."

सत्कारांवरचा लेख होता. त्यातली शाल तक्रार करते, की एवढ्या जणांच्या खांद्यावर गेले, पण थंडी एकालाही वाजत नव्हती! मी पोट धरून हसत होतो. मग मंडपवाल्याचा परिच्छेद आला. शोकसभेतही तो लग्नातल्याच उत्साहाने "हॅलो, हॅलो" करतो. माझं हसू थांबलं.

"इथी काऊन नाई हासले?"

"गुरुजी, थे खरं आहे."

"मंग थेच ठेवतो," असं म्हणून तेच आधी हसले. आमची ओळख झाली ती अशी.

ज्याच्यावर लिहायचं, त्याच्याच ओसरीवर जाऊन आधी त्याला ऐकवायचं, हा गुरुजींचा नेम. दोनदा उद्घाटन होऊन कोरड्या राहिलेल्या हातपंपावरचा लेख त्यांनी त्या गावच्या सरपंचांना ऐकवला. सरपंच तापले, "माझं नाव काढा!" गुरुजी शांतपणे म्हणाले, "नाव तर मी लिवलंच नाई, भाऊ. तुमी कसं ओळखलं?" त्या सरपंचांनी पुढे स्वतःच चहा मागवला. पाठीमागून वार करणारे पुष्कळ पाहिले. समोर बसून, चहा पिऊन टोचणारे गुरुजीच.

मुलांच्या गोष्टींनाही हाच न्याय. आधी मुलांना वाचून दाखवायची. चुळबूळ सुरू झाली की ती ओळ कापायची. अलीकडे गुरुजींना कमी ऐकू येऊ लागलं, तसे ते मला सोबत नेऊ लागले. "तुमचे कान घेऊन चला," म्हणायचे. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला साहित्यात असं मानाचं काम कोण देतो? त्यांच्या पंचाहत्तरीचा हा लेख लिहायचं धाडसही त्यांनीच दिलेलं आहे.

त्यांच्या गोष्टींतला ढोल्या वाघ चामोर्शी-चंद्रपूरकडच्या मुलांना ठाऊक आहे. बेडकांना भिणारा, स्वतःच्याच जंगलात वाट चुकून सशाला रस्ता विचारणारा. जंगलालगतच्या एका गावात रोशनी नावाची आठेक वर्षांची मुलगी ढोल्याचं नाव निघताच हसू लागायची. मी गुरुजींना खूण करायचो, "गोष्ट सुरू व्हायची आहे अजून, ही पोरगी हासून राह्यली!"

गेल्या मोहाच्या हंगामात रोशनीची आई पहाटे फुलं वेचायला गेली. वाघाने तिला नेलं.

आम्ही दोघं गेलो. ढोल्याचं नवं पुस्तक चंद्रपूरला छापायला लागलं होतं. त्यातली शेवटची गोष्ट तेवढी मुलांना ऐकवायची राहिली होती, ती गुरुजींच्या पिशवीत होती. त्यांनी ती बाहेर काढली नाही. रोशनीचे वडील सोमाजी भिंतीला टेकून बसले होते.  रोशनी गुरुजींजवळ येऊन उभी राहिली.

"गुरुजी, ढोल्या माणसाले खाते का?"

"नाई, बाई. ढोल्या नाई खात."

"मंग तो वाघ नोहोय."

सोमाजी म्हणाले, "पोरीचं मनावर घेऊ नका, गुरुजी."

"तिचंच घ्या लागते, सोमाजी."

दुसऱ्याच दिवशी गुरुजींनी चंद्रपूरला जाऊन छपाई थांबवली. आम्ही सगळ्यांनी परोपरीने समजावलं. गोष्ट ती गोष्ट, बाकीची मुलं वाट पाहतात, ढोल्याने कोणाचं काय बिघडवलं? गुरुजींनी ऐकून घेतलं आणि ते एवढंच म्हणाले, "मी लेकरायची वाघाची भीती काढली. थे भीती त्यायच्या कामाची होती."  त्या एका पहाटेचा दोष त्यांच्या पुस्तकाकडे जात नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण गुरुजींना ते पटवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. त्यांच्या घरी आता हसण्याचा आवाज येत नाही.

तेव्हापासून ते एकच गोष्ट लिहीत आहेत. खऱ्या वाघाची, आणि जंगलात गेलेल्या एका आईची. जिच्या आईची गोष्ट, तिला आधी ऐकवायची, म्हणून ते रोशनीकडे जातात. ती त्यांच्याकडे पाठ करून बसते आणि ऐकते. "आई अशी नाई बोलत होती," म्हणते. गुरुजी ओळ खोडतात, परत येतात, पुन्हा लिहितात.

मागच्या खेपेला मीही होतो. गोष्टीतली आई उठली, चूल पेटवली, झोपलेल्या मुलीच्या अंगावर लुगडं टाकलं, टोपली घेऊन दाराबाहेर आली. रोशनी हळूच म्हणाली, "इथी थांबा." गुरुजींनी तिथेच कागद मिटले.

 परतताना बसमधून उतरायच्या जरा आधी ते म्हणाले, "'थांबा' म्हणाली. 'नको' नाई म्हणाली."

गुरुजी आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. माझं मागणं त्याहून साधं आहे. गुरुजींचे डोळे शाबूत राहोत, गुडघे त्या गावापर्यंत चालोत, आवाज खणखणीत राहो. गोष्टीतली ती आई अजून दाराशीच उभी आहे. रोशनी "वाचा" म्हणेल तेव्हा ती मोठी झालेली असेल, कदाचित तिच्या मांडीवर तिचं लेकरू असेल. रोशनीला घाई नाही. गुरुजींनाही घाई करावी लागू नये, एवढं निरोगी, एवढं लांब आयुष्य त्यांना मिळो.