शमुवेलकाकांच्या सांत्वनाला गेलो तेव्हा...

गेल्या उन्हाळ्यात राळेगावकडच्या एका गावात जे घडलं, ते आठवलं की मला अजून घाम फुटतो...

मी पांढरकवड्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक. आमच्या मंडळीतले शमुवेलकाका बरेच दिवस आजारी होते. एका सकाळी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला, 'काकांना नागपूरहून घरी आणलं.'

आता मोठ्या दवाखान्याने 'घरी न्या' म्हटलं की आमच्याकडे माणसं पुढचं आपणच समजून घेतात. कुणी हात जोडले, कुणी फुलं टाकली... दुपारपर्यंत काका ग्रुपवर पुरते स्वर्गवासी झाले होते!

मीही फोन केला नाही. अशा वेळी घरच्यांना काय विचारायचं? अंत्यविधीचा संदेश तयार केला, बायबल घेतलं आणि काकांच्या गावची एसटी पकडली.

अंगणात चपलांचा ढीग. नातेवाईक माना खाली घालून बसलेले. काकांच्या पत्नी, रूथकाकू, भिंतीला टेकून रडत होत्या. सांगा, कुणाला शंका येईल?

आमच्यात सांत्वनाला गेलं की आधी गीत, मग वचन, विचारपूस शेवटी. आणि पाळक बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, ही शिस्त. मी गीत सुरू केलं, सगळे मागून गायले. मग पुनरुत्थानाच्या आशेवर बोललो. मरण हा शेवट नाही, काका आता सगळ्या दुखण्यातून मोकळे झाले... काकू आणखीच रडायला लागल्या. मला वाटलं, वचन काळजाला भिडतंय!

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

"पाळकसाहेब... मी जित्ता हावो ना अजून!"

हातातलं बायबल पडता पडता राहिलं.

आत गेलो. काका खाटेवर, नुसती हाडं राहिलेली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"मेल्यावरची आशा सांगतली तुमी, मस्त सांगतली," काका म्हणाले. "आता आजच्या दिवसाची सांगा. आल्यापासून मायासंग कोनी बोलूनच नाई राह्यलं. सारे बाहेर बसून रडून राह्यले."

जिवंत माणसाला काय सांगायचं, याची तयारी करून मी आलोच नव्हतो.

खाटेवर बसलो. सुचलं तेवढंच बोललो... प्रभूच्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजची, पुढच्या वर्षाची नाही. मग विचारलं, काका, आज काय खावंसं वाटतं? म्हणाले, ज्वारीच्या कण्या आणि ताक. घरात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. रूथकाकू डोळे पुसत चुलीकडे धावल्या.

अंगणातली माणसं एकेक करून आत आली. काकूंनी भरवलं, काकांनी हळूहळू वाटी संपवली. मी निघायला उठलो तर काकांनी हात धरला.

"पाळकसाहेब, मी खरंच गेलो तं नवा संदेश आनजा. हा तं मी आयकला!"

खोलीभर हशा पिकला. रूथकाकू तर हसता हसता पुन्हा रडल्या...

नवा संदेश लिहायची वेळ अजून आलेली नाही. परवाच्या रविवारी काका पहिल्याच बाकावर बसून माझा उपदेश ऐकत होते. प्रभूचे उपकार... पण त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत अजून होत नाही!