बंद दाराचं रीळ

सांगलीतली एक व्हिडिओ लायब्ररी बंद होताना मला त्या सिनेमाची कॅसेट मिळाली. जुना, कृष्णधवल, सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला. फौजेतला नवरा दुसरं घर करतो आणि गावाकडची बायको शेती एकटीनं ओढते, एवढीच गोष्ट. पण त्या बाईचं कमी बोलणं माझ्या मनातून जाईना. मी त्याची पोस्टरं, फोटो, मिळेल ते जमवत गेलो.

कॉलेजपासूनच्या मित्रानं कॅसेट बघायला नेली. पुढे म्हणाला, "टेप गुंतली रे. टाकून दिली." मी विश्वास ठेवला. मग एक दिवस सिनेमा इंटरनेटवर दिसला. कोपऱ्यात त्याचं नाव, खाली 'माझ्या संग्रहातून'. त्याला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली.

मी भांडलो नाही. माझ्याकडच्या एका फोटोत बंद दार होतं आणि बाहेर तो फौजी. कॅसेटवर हे दृश्यच नव्हतं. नवरा परत येतो, ती उंबऱ्यात उभी राहते, तिथंच कॅसेट संपायची. म्हणजे पुढं काहीतरी होतं. जुन्या तंबू थिएटरवाल्यांची घरं शोधत मी वडूजला पोचलो. तिथले तंबूमालक वारले होते. त्यांच्या बायकोनं माळ्यावरचे रिळांचे डबे दाखवले. "आवं, न्या की. कुनी इचारत न्हाई त्यास्नी."

पुण्यात ती रिळं साफ करून घेतली, संगणकावर उतरवली. शेवट होता.

मित्राचं सांगलीत व्याख्यान होतं. मी पहिल्या रांगेत बसलो. "दिग्दर्शकानं शेवट मोकळा सोडला, हेच त्याचं मोठेपण," असं तो बराच वेळ रंगवून सांगत राहिला. मी त्याला पुरतं बोलू दिलं. मग उठलो.

"सिनेमा तिथं संपत नाही. ती त्याला पाणी देते, तांब्या परत घेते आणि दार लावते. रविवारी रहिमतपूरला दाखवतोय, सगळ्यांनी या."

सभागृहात कुणीतरी हसलं. त्याचा चेहरा उतरला, आणि मी तो डोळे भरून पाहिला.

रविवारी तोही आला. पडद्यावर दार बंद झालं तेव्हा शेवटच्या रांगेत डोळे पुसत होता. बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चुकलं माझं. आता सोडून दे, गड्या."

सिनेमा त्याला माझ्याइतकाच भिडला होता, हे मला दिसत होतं. तरीही मी सिनेमा बघायला आलेल्या वडूजच्या त्या बाईंना हात देऊन गाडीत बसवलं आणि त्याला उत्तर न देता निघालो. अजून दिलेलं नाही.