नाव न घेता मारलेली हाक

"काका, मागं बघा की, काकू खाली बसल्यात," असं म्हणत नवी पेठेतल्या भांड्याच्या दुकानातला माणूस माझ्यामागं पळत आला. मी तोवर चौकात पोचलो होतो. परत गेलो तर सुभद्रा, माझी बायको, त्याच्या दुकानाच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेली. हातातली पिशवी सोडली नव्हती. रिक्षात घातली, पण दवाखाना येईपर्यंत संपलं होतं. सहा आठवडे झाले. तेव्हापासून मला घरात बसवत नाही आणि बाहेर चालवत नाही.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात चार माग सांभाळले. एका मागावरचा धागा जोडेस्तोवर दुसऱ्यावरचा तुटायचा, की तिकडं पळा... एका जागी उभं राहायचं या पायांना ठाऊकच नाही. रस्त्यानंही मी दहा पावलं पुढं, सुभद्रा मागं. ती मंद्रूपची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिनं शेवटपर्यंत पाळलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मग गर्दीत मला हाक मारणार कशी? "नवी पेठेत 'अवो' म्हटलं की धा नवरे वळून बघत्यात, फकस्त आमचाच बघत न्हाय," असं ती सांगायची आणि गल्लीतल्या बायका हसायच्या.

दोन वर्षांमागं सुट्टीत नात पुण्याहून आली. इंग्रजी शाळेतली. मी पुढं गेलो की मागून ओरडायची, "आजोबा, वेट." घरी आल्यावर सुभद्रानं तिला विचारलं, "वेट म्हंजे काय गं?"

"थांब."

"आन् मग ते स्टॉप म्हंत्यात ते?"

पोरगी विचारात पडली. म्हणाली, "बस सिग्नलला थांबते ना आजी, ते स्टॉप. शाळा सुटल्यावर मी गेटवर मम्मीसाठी थांबते, ते वेट."

"म्हंजे कुणी यायचं असंल तर," सुभद्रा म्हणाली. तिला ते लगेच कळलं. मला तेव्हा त्याचं काही पडलं नव्हतं.

नात पुण्याला गेली, पण सुभद्राला हाक सापडली होती. नाव घ्यायला नको की काही नको. भाजीच्या गाड्यापासून, देवळाच्या पायऱ्यांवरून, बस स्टँडात, "वेट." मी एकदा म्हणालो, "या वयात काय इंग्रजी झाडतीस?" तर म्हणते, "मग थांबा की. मला काय लई हौस न्हाय." कधी थांबायचो. कधी न वळता नुसता हात वर करायचो आणि चालत राहायचो.

ती गेली त्या दिवशीही नुसता हात वर केला. पोराला सांगितलं, मंद्रूपला जाऊन तिच्या भावाला सांगितलं, की गर्दी होती, मला ऐकू आलं नाही. खोटं आहे ते. ऐकू आलं होतं, दोनदा. दुसऱ्यांदा आवाज बारीक होता, मला वाटलं वैतागली असेल. नातीच्या फ्रॉकचं कापड घ्यायचं होतं. दुकान काही पळून चाललं नव्हतं... डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तरी उपयोग नव्हता. नसेल. पण ती पायरीवर एकटी बसली नसती. हे लिहून पेपरला धाडतोय, छापून आलं की पोरगा वाचेल. वाचू दे.

घराबाहेर पडताना ती कुलूप दोनदा ओढून बघायची, मग वाकून चपलेचा पट्टा लावायची. तोवर मी गल्लीच्या टोकाला. तिची चप्पल अजून दारात आहे. आता कुलूप मीच लावतो. पायरी उतरतो आणि कुलूप ओढायला, पट्टा लावायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ उभा राहतो. परवा शेजारीण म्हणाली, "भाऊ, काय विसरलं का आत?"

पाय चुळबुळ करतात, पुढं चल म्हणतात. तरी उभा राहतो.